अर्ध्या डॉलरची घडणावळ

एल्जिन, इलिनॉय

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री अकराला आला. त्यात दोनच प्रश्न होते. एक, अमेरिकेच्या जुन्या स्मारक नाण्यांचा (एखादा प्रसंग किंवा माणूस लक्षात राहावा म्हणून पाडलेल्या) पन्नासांचा अख्खा संच एकाच विक्रेत्याकडे मिळतोय, पहिला बोनस हातात आहे, तर घेऊ का? दुसरा, जुन्या बाजारात मिळालेलं कोलंबसचं अर्ध्या डॉलरचं नाणं काळं पडलंय, ते कशाने घासू? मेसेजला मेसेजनेच उत्तर देता आलं असतं. पहिल्याला 'नको', दुसऱ्याला 'हात लावू नकोस'. पण कारण सांगितल्याशिवाय नकार ऐकून घेणाऱ्यांतली तू नाहीस. तुझ्या बाबांना चाळीस वर्षं ओळखतो, त्यामुळे हा गुण कुठून आला तेही मला ठाऊक आहे. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी ते काळं नाणं हातात घे. कडेने धर, अंगठा चेहऱ्यावर ठेवू नकोस. तुझ्या आजीच्या देवघरात राणीछाप रुपया होता, आठवतो? तो रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. तुझ्या हातातला अर्धा डॉलर १२.५ ग्रॅमचा. आकाराने दोन्ही जवळजवळ सारखे, सव्वा इंचाला थोडे कमी. अर्ध्या डॉलरमध्ये नव्वद टक्के चांदी आणि दहा टक्के तांबं. म्हणजे शुद्ध चांदी सव्वाअकरा ग्रॅम. हा आकडा पाठ करून ठेव. पुढे कुणी काहीही गोष्ट सांगू लागलं की मनातल्या मनात आधी सव्वाअकरा ग्रॅम चांदीचा आजचा भाव काढायचा. त्याच्या वरचं जे काही असेल, ती घडणावळ.

हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्याकडे पाडव्याला बांगडी घेताना आई सोनाराला पहिला प्रश्न घडणावळीचा विचारते, कारण मोडायला गेलं की सोन्याचे पैसे मिळतात, घडणावळीचे मिळत नाहीत. अमेरिकेच्या जुन्या स्मारक नाण्यांचा सगळा खेळ या घडणावळीचा आहे. आणि ती नंतरच्या व्यापाऱ्यांनी चढवलेली नाही, जन्मापासूनच आहे.

तुझं कोलंबसचं नाणंच बघ. शिकागोत जागतिक प्रदर्शन भरवायचं होतं, पैसे हवे होते. काँग्रेसने १८९२ मध्ये पन्नास लाखांपर्यंत अर्धे डॉलर पाडायला परवानगी दिली. अमेरिकेचं हे पहिलं स्मारक नाणं. दर्शनी किंमत पन्नास सेंट, आणि प्रदर्शनवाल्यांनी ते विकायला काढलं एक डॉलरला. वरचे पन्नास सेंट प्रदर्शनाच्या खर्चाला. बरं, त्यावरचा कोलंबस तरी कोलंबस आहे का? त्याचं हयातीत काढलेलं एकही खात्रीचं चित्र उपलब्ध नाही. टांकसाळीचा मुख्य खोदकार चार्ल्स बार्बर याने जो चेहरा कोरला, तोच कोलंबस असं आपण मानायचं. मागच्या बाजूला जॉर्ज मॉर्गनने कोरलेलं सांता मारिया जहाज आहे, ते मात्र सुरेख आहे. (तू राहतेस ते गावही त्याच कोलंबसाच्या नावाचं, आणि तुला पहिलं नाणं त्याचंच मिळावं, याची मला गंमत वाटली.)

एका डॉलरला अर्धा डॉलर घ्यायला सुरुवातीला हौशी लोक आले. पहिलं पाडलेलं नाणं तर रेमिंग्टन टाइपरायटरवाल्यांनी दहा हजार डॉलरला घेतलं, जाहिरातीसाठी. पण पन्नास लाख हौशी लोक आणायचे कुठून? १८९३ साल मंदीचं. बँका बुडत होत्या. शेवटी १८९३ चा छाप असलेली सुमारे पंचवीस लाख नाणी वितळवली, आणि उरलेल्यांतली ढिगांनी चलनात सोडून दिली, सरळ पन्नास सेंटच्या भावाने. म्हणून तुझ्या नाण्यावरची झीज बघून नाराज होऊ नकोस. कोलंबसाच्या गालावरचा आणि भुवईवरचा जो भाग सपाट झालाय, तो पाव, कोळसा, भाडं देताघेता झालाय. ३१ मे १८९३ ला स्वामी विवेकानंद मुंबईहून बोटीत बसले ते याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेला, आणि सप्टेंबरात ते बोलायला उभे राहिले तेव्हा त्याच गावात हे नाणं एका डॉलरला विकायला ठेवलेलं होतं. असं झिजलेलं कोलंबस आजही चांदीच्या भावाच्या थोडंच वर मिळतं. घडणावळ जवळजवळ शून्य. सुरुवातीला याहून चांगलं नाणं मी तुला सुचवूच शकत नाही, आणि ते तुला आधीच मिळालेलं आहे.

आता घासण्याबद्दल. यावर माझ्या घरची एक गोष्ट आहे, ती तुझ्या बाबांनाही सांगितलेली नाही.

त्याच शिकागो प्रदर्शनात बायकांचं एक स्वतंत्र मंडळ होतं, बर्था पामर त्याच्या अध्यक्षा. त्यांनी आपल्या वाट्याचे दहा हजार डॉलर नाण्यांच्या रूपात मागितले, आणि त्यातून १८९३ चा इझाबेला क्वार्टर निघाला. पुढून स्पेनची राणी इझाबेला, मागून गुडघ्यावर बसून सूत कातणारी बाई. अमेरिकन नाण्यावर खरोखर होऊन गेलेली स्त्री पहिल्यांदा दिसली ती इथे. तोही विकला एक डॉलरलाच, म्हणजे पाव डॉलरला एक डॉलर. शेजारी अर्धा डॉलर त्याच किमतीला मिळत असताना हा कोण घेणार? चाळीस हजार पाडले, चोवीस हजारांच्या आसपास उरले, बाकीचे वितळवले.

तर असा एक क्वार्टर मी बरेच पैसे साठवून घेतला होता. कडेला निळसर, मध्ये मधासारखा, शंभर वर्षं कुणीतरी कागदात गुंडाळून ठेवल्यासारखा. त्या वर्षी माझी आई साताऱ्याहून दिवाळीला आली होती. मी तिला नाणं दाखवलं. ही राणी कोण, तिने कोलंबसाला पैसे का दिले, सगळं तिने नीट ऐकून घेतलं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी उठतो तर तबकात नाणं लखलखत होतं. चिंच आणि रांगोळी. "काळं नाणं लक्ष्मीपुढे ठेवू नये रे," ती म्हणाली. मी म्हणालो, "छान झालं."

काय झालं होतं ते तुला शास्त्र शिकलेल्या मुलीला सांगायला हरकत नाही. छाप बसताना चांदीवर इतका दाब येतो की धातू क्षणभर वाहतो, मधून कडेकडे. त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणं दिव्याखाली हळूच कलवलं की बैलगाडीच्या चाकाचे आरे फिरावेत तसा उजेड फिरतो, तो या रेषांमुळे. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीचा झालेला संयोग, तो याच रेषांच्या वर बसलेला थर. चिंचेतल्या आम्लाने थर निघतो आणि त्याच्याबरोबर थोडी चांदीही जाते. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती उरलेल्या रेषांवरून बारीक ओरखडे काढत जाते. परिणाम लखलखीत दिसतो, पण ती लखलख वाटीची आहे, नाण्याची नाही. आरे फिरत नाहीत. एकदा गेले की ते कुठल्याही उपायाने परत येत नाहीत.

म्हणून हात लावू नकोस. पितांबरी नाही, दंतमंजन नाही, लिंबू नाही, बेकिंग सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलचा इंटरनेटवरचा प्रयोग तर नाहीच. अपवाद एकच. स्वस्त, मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नाणं वर्षानुवर्षं राहिलं की त्यावर हिरवट चिकट थर येतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून निघतो, चोळायचं नाही, नुसतं बुडवायचं. नखांना लावायचं ते ॲसिटोन नव्हे, त्यात तेलं आणि सुगंध असतात. आणि नंतर कडक, वास नसलेल्या प्लास्टिकच्या डबीत ठेवायचं. ओहायोच्या उन्हाळ्यात दमट हवेसाठी कपाटात सिलिका जेलची पुडी. बस्स.

आता तुझा मोठा प्रश्न, पन्नास नाण्यांचा संच.

संच कसा ठरतो ते आधी सांगतो, कारण तुला विक्रेत्याने 'पूर्ण' असा शब्द वापरून भुलवलंय. १८९२ ते १९५४ या काळात चांदीची अठ्ठेचाळीस प्रकारची अर्धे डॉलर, एक क्वार्टर आणि एक डॉलर (लाफायेतचा, १९०० चा) अशी पन्नास निघाली. पण प्रत्येक प्रकार एकदाच निघाला नाही. साल बदलून, टांकसाळ बदलून पुन्हापुन्हा पाडली. फिलाडेल्फियाचं चिन्हाविना, डेन्व्हरचं 'डी', सॅन फ्रान्सिस्कोचं 'एस'. असं सगळं मोजलं तर १४४ होतात. तर पन्नासाचा संच घेतलास की दुसऱ्या दिवशी कुणीतरी ९४ बाकी असल्याची आठवण करून देणार. संच ही कल्पनाच नाणी विकणाऱ्यांच्या फार कामाची आहे.

आणि हे काही माझ्या मनाचं नाही, १९३० च्या दशकात हा उद्योग उघडउघड चालला. ओरेगन ट्रेलचं, म्हणजे वसाहतकऱ्यांच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटेचं, नाणं १९२६ ला निघालं. जेम्स आणि लॉरा फ्रेझर या जोडप्याने केलेलं. एका बाजूला हात पुढे करून उभा असलेला आदिवासी पुरुष, दुसऱ्या बाजूला मावळत्या सूर्याकडे जाणारी छपराची बैलगाडी. माझ्या मते अख्ख्या मालिकेतलं सर्वात देखणं. पण तेच नाणं थांबत थांबत १९३९ पर्यंत निघत राहिलं, एकूण चौदा प्रकारांत, आणि शेवटच्या वर्षी प्रत्येक टांकसाळीतून तीन हजारांच्या आसपासच. वाट १८४० च्या दशकातली, पण नाणं संपेचना.

नव्या प्रदेशात वसाहतकऱ्यांना वाट काढून देणाऱ्या डॅनियल बूनचं त्याहून वाईट. बूनच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून १९३४ ला नाणं काढलं, ते ठीक. १९३५ मध्ये तेच पुन्हा पाडताना मागच्या बाजूला एक छोटंसं १९३४ घातलं. या छोट्या आकड्याची डेन्व्हरची निघाली २,००३ आणि सॅन फ्रान्सिस्कोची २,००४. जाहिरात वाचून पैसे पाठवणाऱ्या पुष्कळांना 'संपली' एवढंच उत्तर आलं, आणि थोड्याच दिवसांत तीच नाणी अनेक पटीने बाजारात फिरू लागली. १९३६ ची सिनसिनाटीची तर ऐकच, तुझ्या ओहायोतलीच आहेत. 'संगीताचं केंद्र म्हणून सिनसिनाटीला पन्नास वर्षं' म्हणून काढली. आता १८८६ मध्ये सिनसिनाटीच्या संगीतात असं काय घडलं? काही नाही. त्यावर चेहरा गीतकार स्टीफन फोस्टरचा, तो तर १८६४ लाच वारला होता. प्रत्येक टांकसाळीतून पाच हजार, तीन नाण्यांचा संच ७.७५ डॉलरला. दर्शनी किंमत दीड डॉलर. बाकी सगळी घडणावळ. त्या एका १९३६ साली गावोगावची मंडळी काँग्रेसच्या दारात उभी होती, आणि डझनाहून जास्त नवे प्रकार निघाले. १९३९ ला काँग्रेसने आधी मंजूर झालेली सगळी नाणी यापुढे पाडायची नाहीत असा कायदा केला, तेव्हा कुठे थांबलं. युद्धानंतर पुन्हा थोडी निघाली आणि १९५४ ला हे पर्व मिटलं. पुढची स्मारक नाणी एकदम १९८२ ला, पण तो वेगळा विषय.

तुला वाटेल, कमी निघालेली म्हणजे दुर्मिळ, मग तीच घ्यावीत. इथेच बहुतेकजण फसतात, मीही फसलो. या मालिकेत किती पाडली हा आकडा फारसं काही सांगत नाही. ती कुणी विकत घेतली, हे जास्त सांगतं. सिनसिनाटीची घेतली संग्राहकांनी, सटोडियांनी. त्यांनी ती पाकिटात घातली आणि कपाटात ठेवली. मेन राज्यातल्या यॉर्क परगण्याची १९३६ ची पंचवीस हजार, तीही तशीच. आजही ती नवीकोरी मिळतात. याउलट १९२१ ची अलाबामाची, मिझुरीची, १९२० ची मेनची घे. ती घेतली त्या त्या राज्यातल्या साध्या माणसांनी, आठवण म्हणून. त्यांनी ती खिशात ठेवली, मुलांना खेळायला दिली, बायकांनी पुसली. (अलाबामाच्या नाण्यावर तेव्हाचा गव्हर्नर किल्बी हयात असताना छापला, अमेरिकन नाण्यावर जिवंत माणूस येण्याची ती पहिली वेळ. गव्हर्नरसाहेबांची हौस.) १९२६ चं स्वातंत्र्याच्या दीडशे वर्षांचं नाणं तर एक लाख एकेचाळीस हजार शिल्लक राहिली, पण छाप इतका उथळ की मुळातच चेहरे पुसट. चांगलं मिळवायला वर्षानुवर्षं लागतात. १९२३ चं राष्ट्राध्यक्ष मन्रोचं तसंच, दोन लाख चौऱ्याहत्तर हजार, आणि त्यातली बहुतेक बघून वाटतं की छापणाऱ्याला झोप लागली असावी.

म्हणजे संचवाला जेव्हा 'फक्त पाच हजार पाडली' असं म्हणतो तेव्हा तू विचारायचं, त्यातली किती आजही बाजारात आहेत? लिलावांचे जुने निकाल सगळे उघडे असतात. वर्षभरात तेच नाणं किती वेळा विकलं गेलं ते तासाभरात कळतं.

माझं काय झालं ते आता सांगतो. नाण्याला १ ते ७० गुण देऊन कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करायची पद्धत पीसीजीएस या नाणी पारखणाऱ्या कंपनीने १९८६ ला सुरू केली, पुढच्या वर्षी एनजीसी या दुसऱ्या कंपनीने. लोकांना वाटलं, आता नाणं बघायलाच नको, शेअरसारखं नंबरावर घ्यायचं. गुंतवणूकवाले पैसे घेऊन आले आणि १९८९ पर्यंत या मालिकेचे भाव आकाशाला भिडले. मी तेव्हा इथे आठ वर्षं काढली होती, गाडीचं कर्ज नुकतं फिटलं होतं. एका विक्रेत्याने, नाव लिहीत नाही, मला ६५ आणि ६६ गुणांची अकरा नाणी एकगठ्ठा दिली. दोन महिन्यांचा पगार गेला. पुढच्या वर्षभरात भाव कोसळले आणि त्यांतली बरीच नाणी आजही त्या भावाला पोचलेली नाहीत, आणि मधल्या काळात महागाई किती वाढली ते तूच मोज. पण मला खरं लागलं ते नुकसान नव्हे. सहा-सात वर्षांनी एका प्रदर्शनात एका म्हाताऱ्या नाणेवाल्याने माझ्यातलं एक नाणं डबीतच दिव्याखाली धरलं, तीन सेकंद कलवलं आणि म्हणाला, हे कधीतरी धुतलंय. मी ते नाणं सात वर्षं सांभाळलं होतं आणि एकदाही दिव्याखाली धरलं नव्हतं. डबीवरचा आकडा मात्र रोज वाचत होतो.

म्हणून संच नको. पन्नास नाणी एकदम घेतलीस तर पन्नास वेळा बघायची संधी जाते. एकेक घे. प्रत्येक नाण्यामागे निदान दहा न घेतलेली बघितलेली असावीत.

कुठून सुरुवात करायची? माझी सूचना अशी की जिथे पाय लागलेत तिथलं घे. तुझ्या राज्याची तीन आहेतच. सिनसिनाटीचं सोड, त्याची घडणावळ ठाऊक झाली. क्लीव्हलंडचं १९३६ चं घे, पन्नास हजार निघालेलं, अजून परवडणारं. मागच्या बाजूला पंचमहासरोवरांचा नकाशा आणि त्यावर रोवलेला भला मोठा कंपास, त्याचं टोक क्लीव्हलंडवर. शहराचा अहंकार नाण्यावर इतका सरळ क्वचितच दिसतो, मला ते आवडतं. दुसरं ग्रँटचं, १९२२ चं. जनरल ग्रँट ओहायोतच जन्मला. पण इथे सांभाळून. त्याचे दोन प्रकार आहेत. साधं सदुसष्ट हजार, आणि ग्रँटच्या नावाच्या वर एक छोटा खोलगट तारा असलेलं फक्त ४,२५६. त्या ताऱ्याला काही अर्थ नाही, संग्राहकांना दोन प्रकार विकता यावेत यापलीकडे. आणि तारा खोलगट असल्याने साध्या नाण्यावर ठोकून तो बनवणं सोपं. पूर्वी पुष्कळांनी ठोकले. असं नाणं उलटं करून ताऱ्याच्या बरोबर मागची जागा भिंगाखाली बघ. ठोकलेलं असेल तर तिथे सपाट झालेलं दिसतं. तारावालं घ्यायचंच झालं तर नावाजलेल्या संस्थेच्या डबीतलंच, आणि तेही डबीचा क्रमांक त्यांच्या यादीशी पडताळून. साधं घेतलंस तरी लॉरा फ्रेझरनेच केलेला तोच चेहरा मिळतो.

भिंग दहा पटीचं पुरे. आणि एक छोटा काटा घे, दशांश ग्रॅम दाखवणारा, वीस डॉलरला मिळतो. अर्धा डॉलर १२.५ पासून फार लांब निघाला तर कारण शोध, झिजलेला थोडा हलका असणारच. चुंबकाला चिकटला तर मात्र कारण शोधायची गरज नाही.

रंगांबद्दल दोन ओळी. १९३० च्या दशकातली बरीच नाणी पुठ्ठ्याच्या पट्टीत भोकं पाडून त्यात बसवून डाकेने पाठवली जायची. नाणं पडू नये म्हणून पुठ्ठ्याची छोटी जीभ वर यायची. पुठ्ठ्यातल्या गंधकाने नाणं हळूहळू रंगलं आणि जिभेखालचा भाग वेगळा राहिला. असा अर्धचंद्रासारखा डाग दिसला तर तो खोडीचा नाही, तो जन्मदाखला आहे. याउलट संपूर्ण नाणं एकसारखं जांभळं-निळं, खोलगट भागातही आणि उंच भागातही, रंगपंचमीतून उठल्यासारखं दिसलं तर कुणीतरी स्वयंपाकघरात बसून केलंय असं समज. १९२५ च्या लेक्झिंग्टनचं नाणं तर छोट्या लाकडी डबीत विकलं जायचं. डबीसकट मिळालं तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. रिकाम्या डब्या वेगळ्या विकल्या जातात हेही लक्षात ठेव. डबी आणि नाणं यांचं लग्न कालच लागलेलं असू शकतं.

आता माझ्या गावाचं. एल्जिनचं अर्धा डॉलर १९३६ ला निघालं. इथल्या ट्रिग्वी रोव्हेलस्टॅड नावाच्या शिल्पकाराला पहिल्या वसाहतकऱ्यांचा एक मोठा पुतळा उभा करायचा होता, आणि नाणं विकून त्याला पैसे उभे करायचे होते. दीड डॉलरला एक. पंचवीस हजार पाडली, पाच हजार परत जाऊन वितळली. पुतळ्यापुरते पैसे काही जमले नाहीत. पुढून दाढीवाला वसाहतकरी, मागून त्या न झालेल्या पुतळ्यातलंच कुटुंब, आईच्या कुशीत एक बाळ. छाप चांगला असेल तरच ते बाळ दिसतं, नाहीतर आईच्या हातात नुसती गाठोडी. मी या नाण्याची किती नाणी पालथी घातली असतील ते तुझ्या काकूला विचार. गंमत म्हणजे त्यावर १६७३ असंही साल आहे. एल्जिन वसलं १८३५ ला. १६७३ हे दोन फ्रेंच प्रवासी इलिनॉयमध्ये आले ते साल, ते आमच्या गावाजवळही फिरकले नव्हते. रोव्हेलस्टॅड आयुष्यभर त्या पुतळ्याच्या मागे राहिला, १९९० ला वारला. पुतळा उभा राहिला २००१ मध्ये, फॉक्स नदीच्या काठी. संध्याकाळी मी तिकडेच फिरायला जातो. नाण्यात पुसट दिसतं ते बाळ तिथे ब्राँझमध्ये स्पष्ट आहे.

एक नाणं मात्र मी तुला आग्रहाने सांगेन, कारण ते स्वस्त आहे आणि संचवाले त्याला तोंडी लावतात. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टनचं, १९४६ पासून १९५१ पर्यंत निघालेलं. अमेरिकन नाण्यावर आलेला पहिला कृष्णवर्णीय माणूस, आणि ते घडवणारा शिल्पकार आयझॅक हॅथवे हाही कृष्णवर्णीयच. मागच्या बाजूला खाली गुलामाची झोपडी, वर सन्मान मंदिर (थोरांचं 'हॉल ऑफ फेम'), आणि झोपडीतून तिथवर पोचल्याची ओळ. विक्री फसली, वितळवली, चलनात गेली, सगळं तेच. आज चांदीच्या भावाच्या थोड्याच वर मिळतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त करणाऱ्यांना, त्याच मुक्तीच्या दुसऱ्या टोकाचं हे नाणं आहे. बुकर वॉशिंग्टन जन्मला तेव्हा स्वतः गुलाम होता. मराठी माणसाच्या डबीत हे नसावं, हे मला पटत नाही. याच्याच शेजारी १९२५ चं स्टोन माउंटनचं ठेव, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या यादवी युद्धातल्या सेनापतींचं, वितळवून तेरा लाख उरलेलं, तेही स्वस्त. दोन्ही शेजारी ठेवून बघ. मी काही बोलत नाही.

बोनसचं म्हणशील तर त्यातला मोठा भाग बँकेत ठेव. नाण्यांना गुंतवणूक म्हणणारा माणूस तुला काहीतरी विकत असतो. चांदी हवी असेल तर चांदी घे, घडणावळ न देता. नाणं हवं असेल तर घडणावळ डोळे उघडे ठेवून दे, आणि ते पैसे खर्च झाले असं समज, सिनेमाला गेल्यासारखे.

अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनचं मोठं प्रदर्शन शिकागोजवळ रोझमाँटला अनेकदा भरलेलं आहे. ही संस्थाही शिकागोतच १८९१ ला सुरू झाली, कोलंबसच्या नाण्याच्या एक वर्ष आधी. पुढच्या वेळी इकडे असेल तेव्हा ये. पहिला दिवस एकही नाणं घ्यायचं नाही, नुसतं फिरायचं. प्रत्येक टेबलावर दिवा असतो, "बघू का?" एवढं विचारायचं, कडेने धरायचं आणि गादीवर कलवायचं. बहुतेक म्हातारे खूश होतात, तरुण कुणी डबीवरचा आकडा न बघता नाणं बघतंय म्हणून.

कळावे,
तुझा काका

ता. क. आईने घासलेला तो इझाबेला क्वार्टर संग्रहात नाही. देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी असतो, आता पुन्हा काळा पडू लागलाय. येशील तेव्हा तो आणि तुझं कोलंबस शेजारी ठेवून दाखवतो, घासलेलं आणि न घासलेलं यातला फरक पत्रात कळत नाही. नाणं रुमालात गुंडाळून आणू नकोस. आणि तुझ्या आईला सांग, मेतकूट संपलंय.